चार कडक भाकऱ्या

परात भिंतीवर आदळली आणि मळलेल्या पिठाचा गोळा देवळीतल्या आरशाला जाऊन चिकटला. चंद्रव्वा चुलीपुढून उठायच्या आत संगप्पाने तिचा अंबाडा मुठीत धरून तिला मागे खेचले होते. दुपारचे साडेबारा वाजले होते, दार सताड उघडे होते आणि सोलापुरातल्या शेळगीच्या त्या गल्लीत घरोघरी माणसे होती. पण संगप्पाच्या घरातून भांड्यांचा आवाज आला की शेजारीपाजारी आधी जरा थांबत. पंचवीस वर्षांची सवय होती ती. जरा थांबले की आवाज आपोआप बंद होतो आणि आपल्याला पायात चप्पल घालावी लागत नाही, हे सगळ्यांना माहीत झाले होते.

या वेळी तो बंद झाला नाही. संगप्पाने बायकोचे डोके चौकटीवर आपटले, एकदा आणि पुन्हा एकदा. तोंडाने तो काहीबाही बोलत होता, पण त्यातला एकही शब्द लागत नव्हता. चंद्रव्वाने आयुष्यात मार पुष्कळ खाल्ला होता, त्यातले बारकावे तिला कळत. मारताना तो शिव्या द्यायचा आणि त्या शिव्यांतून आज कशाचे निमित्त आहे ते समजायचे. आज निमित्तच कळेना. तो तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत तिची ओळख नव्हती. मग त्याचे हात तिच्या गळ्याशी आले. मार्केट यार्डात तीस वर्षे कांद्याची पोती उचललेले हात होते ते. तिच्या घशातून घरघर बाहेर पडली तेव्हा कुठे गल्ली जागची हलली.

चनबसप्पा पानवाला सगळ्यांच्या पुढे होता, मागे आणखी चार-पाच जण. त्यांनी संगप्पाला ओढून अंगणात पाडले आणि पंचवीस वर्षे करायचे राहून गेलेले काम एका दमात करून टाकले. लाथा घातल्या, बुक्क्या घातल्या, कुणीतरी कपडे बडवायचे धोपटणे आणून पाठीत हाणले. संगप्पाची भुवई फुटली, पुढचा एक दात पडला. सात वर्षे दारू सोडली म्हणत होता, पुन्हा लागला वाटतं प्यायला, असे जो तो म्हणत होता आणि म्हणता म्हणता मारत होता.

चंद्रव्वा रांगत त्याच्यापर्यंत गेली आणि तिने त्याच्या तोंडाजवळ नाक नेले. या एका बाबतीत तिच्या नाकाइतके भरवशाचे मशीन सोलापुरात दुसरे नसेल. दारूचा वास नव्हता. उलट त्याचा सदरा घामाने पिळून काढण्याइतका भिजला होता आणि अंग बर्फासारखे गार लागत होते.

"ह्यो पिलेला न्हाय," ती म्हणाली. घशातून आवाज नीट फुटत नव्हता. "चनबसप्पा, मारू नका. अंग बगा की, गार पडलंय."

"वयनी, तू बाजूला हो. आदी तुजा गळा बग."

त्यांनी त्याचे हात नायलॉनच्या दोरीने विजेच्या खांबाला बांधले. पोलिसांना फोन करायचा की नको यावर बोलणे चालू होते, तेवढ्यात संगप्पाची मान एका बाजूला कलंडली आणि पाय झटके देऊ लागले. मारणारे चार पावले मागे सरले. मग त्यांनीच धावपळ करून रिक्षा आणली. सरकारी दवाखान्यात त्याला उतरवले तेव्हा दोरी अजून एका मनगटाला लोंबत होती.

डॉक्टरने बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब मशीनला लावला आणि तो एकदम ओरडूनच बोलू लागला. साखर अडतीस होती. शिरेतून साखरेचे पाणी सोडले आणि दहा मिनिटांत संगप्पाने डोळे उघडले. त्याने छताकडे पाहिले, सुजलेल्या ओठांवरून जीभ फिरवली, मग शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिले. तिच्या गळ्यावर निळे-काळे वळ उठले होते.

"तुला कुनी मारलं गं?" त्याने विचारले.

चंद्रव्वा तिथेच भिंतीला टेकून रडली. त्याच्या हातचे इतके खाल्ले होते, पण हे त्याने तिला कधी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी डाएटच्या मॅडमनी तिला खोलीत बोलावले. त्यांचे नाव संघप्रिया. जुळे सोलापुरातून स्कूटीवर येणारी, तिशीच्या आतली बाई. दीड महिन्यापूर्वी गोळ्यांनी भागेना म्हणून संगप्पाला इन्सुलिन सुरू केले, तेव्हा काय आणि किती खायचे याचा कागद त्यांनीच लिहून दिला होता. तो कागद चंद्रव्वाने प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फोटोमागे ठेवला होता आणि त्यातले एक अक्षर मोडले नव्हते. सकाळी दोन भाकऱ्या, रात्री दोन भाकऱ्या. पूर्वी एका बैठकीला आठ खाणारा माणूस. तो भूक लागली म्हणून कुरकुरायचा, कधी ताट सरकवायचा, पण ती बधली नाही. मॅडमनी दोन लिहिलंय, एवढे म्हणून ती टोपली उचलून आत न्यायची. नवऱ्याला वाचवतोय याचा तिला मनातून थोडा ताठाही आला होता.

"सगळं तुमच्या कागदापरमानं केलं मॅडम," ती म्हणाली. "मग साखर अशी कशी पडली?"

संघप्रियाने तिला बसवले आणि सावकाश सांगितले. ज्वारी, गहू, तांदूळ, बटाटा, ही सगळी पिष्टमय. जिभेला गोड लागत नाहीत, पण पोटात त्यांची साखरच होते. ती साखर रक्तातून अंगभर फिरते. हातपाय चालतात त्याच्यावर, आणि मेंदूला तर घडीघडीला तीच लागते. हातापायांचे चरबीवरही भागते, मेंदूचे तसे भागत नाही. त्याची साखर एकदम तुटली की माणसाला घाम फुटतो, थरथर सुटते, मग तो भांबावतो, ओळख विसरतो. कुणी झोपल्यासारखा पडतो, कुणी अंगावर जातो. इन्सुलिन टोचून पुरेसे खाल्ले नाही आणि वर पोती उचलली, तर हे होणारच.

चंद्रव्वाच्या तोंडावर शंका दिसली. तीस वर्षे भाकऱ्या थापणाऱ्या बाईला भाकरीत साखर असते हे ऐकून घेणे सोपे नव्हते. संघप्रियाने विचारले, भाकरी आहे का बरोबर? होती. चंद्रव्वा मीनाबाईंच्या भाकरी केंद्रावर कामाला होती, पिशवीत दोन-चार भाकऱ्या कायम असत. त्यातला कोरडा तुकडा तिने मॅडमच्या सांगण्यावरून तोंडात घातला. गिळू नका, नुसता चावत राहा, असे मॅडमनी सांगितले. चंद्रव्वा चावत राहिली. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा एक फेरी फिरला आणि तिच्या जिभेवर हळूच गोडसर चव आली. तिने चावणे थांबवले आणि मॅडमकडे बघत बसली.

"दोन भाकऱ्या रोज देत होतात ना?" संघप्रियाने विचारले. "मोजून?"

"ह्याच की," म्हणून चंद्रव्वाने पिशवीतली अख्खी भाकरी टेबलावर ठेवली.

ती कडक भाकरी होती. हातभर रुंद, पण पातळ थापून, तव्यावर फडक्याने दाबत मंद आचेवर वाळवलेली. महिनाभर टिकते, बोटाने टिचकी मारली की वाजते. संघप्रियाने ती खिडकीसमोर धरली आणि उजेड आरपार दिसला. ही पोरगी याच शहरात वाढलेली, लग्नाकार्यात अशा भाकऱ्या आमटीत चुरून तिनेही खाल्ल्या होत्या. कागद लिहिताना मात्र तिच्या डोळ्यांपुढे तिच्या आईची मऊ, जाड भाकरी होती.

"मऊ भाकरीला गोळा केवढा घेता?"

चंद्रव्वाने हवेत हात धरून दाखवला. मग कडक भाकरीचा दाखवला. दुसरा पहिल्याच्या बरोबर निम्मा होता. दोघी त्या रिकाम्या हाताकडे बघत राहिल्या.

"चूक माझी आहे," संघप्रिया म्हणाली. "कुठली भाकरी ते मी विचारायला हवं होतं." तिने नवा कागद घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिले : दर वेळी चार कडक भाकऱ्या. इन्सुलिननंतर अर्ध्या तासाच्या आत. खाली रेघ मारली. आणि बजावले की पुन्हा असे काही वाटले तर आधी इन्सुलिनबरोबर घरी दिलेल्या मशीनवर तपासायचे. सत्तरच्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तरच साखर द्यायची.

चंद्रव्वा दवाखान्यातून बाहेर पडली ती निराळीच बाई होऊन. तिच्या गळ्यावर वळ होते, डोक्याला तीन टाके होते, आणि तिला इतके हलके कित्येक वर्षांत वाटले नव्हते. ह्यांनी मारले नाही, साखरेने मारले! आणि साखर कुणी पाडली? आपणच, अर्धपोटी ठेवून. रस्त्याने चालताना ती मागच्या एकेका माराकडे या नव्या उजेडात बघू लागली. मनगट मोडले ती संध्याकाळ : हे यार्डातून आले होते, सकाळपासून पोटात काही नव्हते. कानाखाली मारल्यावर महिनाभर कानात शिट्टी वाजायची, तेव्हा एकादशी होती. असे एकेक प्रकरण तिने भुकेच्या खात्यावर टाकले. दवाखान्यातून निघायच्या आधी तिने मॅडमना विचारलेही होते, पूर्वीसुद्धा असंच झालं असेल का? मॅडम म्हणाल्या होत्या की तेव्हा इन्सुलिन नव्हते, इतकी खाली साखर त्याशिवाय सहसा जात नाही. तेवढे सोडून बाकी सगळे चंद्रव्वाच्या पक्के ध्यानात राहिले.

असे निमित्त शोधायची तिला जुनी सवय होती, हे सांगितले पाहिजे. आधी ती म्हणायची, दारू मारते. मग साखरेच्या आजारापायी डाव्या पायाचा अंगठा कापावा लागला आणि संगप्पाने दारू सोडली. मार कमी झाला, पण गेला नाही. तेव्हा ती म्हणू लागली, दारू सुटल्याचा त्रास आहे. लेक ऋतुजाच्या लग्नाला चार दिवस होते, दारात मांडव घातला होता, आणि संगप्पाने पाहुण्यांदेखत बायकोला चपलेने मारले. पोरीने त्याच दिवशी सांगितले, अव्वा, लग्न होऊन जाऊ दे, मग या घरात मी पाय ठेवणार नाही. तिने तो शब्द सहा वर्षे पाळला होता. नवरा शिवराज चांगला होता, जुळे सोलापुरात दोन खोल्यांचे घर होते, तीन वर्षांची मुलगी होती. चंद्रव्वाची नात. आजोळचे दार त्या पोरीने पाहिले नव्हते. चंद्रव्वा महिन्यातून एकदा जाऊन तिला बघून यायची आणि घरी आल्यावर कुठे गेली होती ते सांगायची नाही.

आता सांगता येण्यासारखे काहीतरी हाती आले होते. पंधरा दिवसांवर नागपंचमी होती. ती लेकीकडे गेली आणि अडतीस या आकड्यापासून सगळे सांगितले. चावलेल्या तुकड्याची गोडी सांगितली, मॅडमनी चूक कबूल केली तेही सांगितले. शेजाऱ्यांनी बांधून मारले, हे सांगताना तिला संगप्पाची कीव आली.

ऋतुजा ऐकत होती. "अव्वा," ती शेवटी म्हणाली, "मांडवात चपलेनं मारलं, तवा कुटं व्हतं इन्सुलिन?"

"तुला डॉक्टरपेक्षा जास्त कळतं व्हय?"

"मला कायबी कळत न्हाय. तू म्हनतीस तर यीन. पंचमीला यीन." पोरगी आईचे तोंड बघून म्हणाली, हे चंद्रव्वाला समजले. पण यीन म्हणाली, तेवढे तिला पुरे होते. सहा वर्षांनी लेक पंचमीला माहेरी येणार होती.

त्यानंतरच्या दहा दिवसांत चंद्रव्वाचा पाय जमिनीवर ठरला नाही. भाकरी केंद्रावर तवे तापायच्या आत तिची गोष्ट सुरू व्हायची. साखर कशी पडते, माणूस कसा परका होतो, एक चमचा साखरेने कसा परत येतो. बाया थापता थापता ऐकत. मीनाबाई एकदाच म्हणाल्या, "चंद्रव्वा, साखर पडली की त्यो चनबसप्पाला का मारत न्हाय गं? तूच का घावतीस?" बाया हसल्या. मीनाबाई मात्र हसत नव्हत्या. चंद्रव्वाने राग धरून तो दिवसभर त्यांच्याशी बोलणे टाकले.

तिकडे संगप्पाला चार भाकऱ्या मिळू लागल्या. कडक भाकरी हाताने मोडायची नाही, ताटात ठेवून बुक्कीने फोडायची, हा त्याचा पहिल्यापासूनचा रिवाज. सकाळ-संध्याकाळ गल्लीला चार बुक्क्या ऐकू येत. दोनाच्या चार झाल्या हे शेजाऱ्यांना त्यावरूनच कळले.

एका संध्याकाळी तिने पाणी द्यायला उशीर केला म्हणून त्याने तिच्या थोबाडीत मारली. मारून झाल्यावर तो थबकला. तीही थबकली. मग तो खाली बसून म्हणाला, साखर पडली वाटतं. चंद्रव्वा धावत गेली, डबा उघडला आणि तपासायचे-बिपासायचे विसरून चमचाभर साखर त्याच्या तोंडात घातली. त्याने ती चघळली आणि तो आडवा झाला. त्याच्या कपाळाला हात लावला तेव्हा ते कोरडे आणि ऊबदार होते. पंख्याखाली बसले होते, वाळला असेल घाम, असे ती स्वतःला म्हणाली.

पंचमीच्या आदल्या दिवशी तिने सुट्टी घेतली. पंचमीला चुलीवर तवा ठेवायचा नसतो, काही चिरायचे नसते, भाजायचे नसते. म्हणून भाकऱ्या आदल्या दिवशीच करून ठेवायच्या. दुपारी तिने शेंगदाण्याचे आणि तिळाचे लाडू वळले, नातीसाठी बारके वेगळे केले आणि पिशवी भरून खुंटीला अडकवली. साडेसहाला संगप्पा यार्डातून आला. तोंड आवळलेले होते. तिने नेहमीसारखे त्याच्या पोटाला इन्सुलिन टोचले, बस, अर्ध्या तासात वाढते म्हणाली आणि शेवटच्या चार भाकऱ्या तव्यावर वाळवायला बसली.

तो मागे उभा होता हे तिला उशिरा कळले.

"यार्डात मला साखऱ्या म्हनाय लागलेत," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "बायको चमच्यानं साखर चारती, म्हनं. खांबाला बांदल्यालं बी सांगितलंस व्हय गं? भाकरीच्या गिऱ्हाइकांना? लेकीला बी?"

"अवो, तुमची चूक न्हाय, ह्येच सांगितलं मी —"

त्याने तिचे उजवे मनगट धरले आणि तळहात तव्यावर दाबला. दाबून धरला. चर्र असा आवाज झाला, तो तिने आधी ऐकला आणि मग तिला कळ लागली. तिच्या किंकाळीने गल्लीतला आवाज एकदम थांबला. तिने डावी कोपर त्याच्या बरगडीत मारली, पाय झाडले, तवा उलटा झाला, निखारे जमिनीवर पसरले, तेव्हा हात सुटला. सुटताना तळव्याची कातडी तव्याला राहिली. त्याने तिला लाथ घातली. आईवरून शिवी दिली, बापावरून दिली, माझी अब्रू चव्हाट्यावर आणलीस म्हणाला. एकेक शब्द स्वच्छ लागत होता.

मग तो थांबला. तिच्या हाताकडे बघितले. दारात चनबसप्पा येऊन उभा राहिला होता, त्याच्याकडेही बघितले. आणि खाली बसला.

"चंद्रे, साखर पडली बग," तो म्हणाला. "मला कायबी कळंना झालं. दे की चमचाभर."

चंद्रव्वाने हात पाण्याच्या घागरीत बुडवला. थोड्या वेळाने ती उठली आणि फळीवरचा साखरेचा डबा डाव्या हाताने खाली घेतला. झाकण घट्ट होते. एका हाताने ते निघेना. छातीशी धरून बघितले, गुडघ्यात धरून बघितले. डब्याशेजारीच मशीन ठेवलेले होते. तिने डबा खाली ठेवला आणि मशीन घेतले.

"बोट द्या," ती म्हणाली.

"तपासाय कशाला पायजे? दे की साखर."

"बोट द्या."

त्याने दिले. तिने डाव्या हाताने सुई टोचली, दोनदा चुकली. थेंब पट्टीला लागला. मशीनवर आकडे उलटे मोजले जातात, पाच, चार, तीन, तेवढा वेळ तिने देवाच्या फोटोकडे पाहिले. आयुष्यात नवऱ्याची साखर अडतीस निघावी म्हणून कुणी बाईने देवाला साकडे घातले नसेल. तिने घातले.

एकशे बेचाळीस.

तिने तो आकडा पुन्हा वाचला. मग दारातल्या उजेडाकडे मशीन धरून तिसऱ्यांदा वाचला.

"साखर चांगली हाय तुमची," ती म्हणाली.

संगप्पाने टोचलेले बोट सदऱ्याला पुसले.

"मागच्या बारीला तुमाला कायबी आठवत नव्हतं. आज का मारलं ते आठवतंय?"

"तू सांगत सुटलीस म्हनून..." तो बोलून गेला.

चंद्रव्वाला रडू येईल असे चनबसप्पाला वाटले असावे, तो दोन पावले आत आला. ती रडली नाही. तिला राग आला होता, आणि तो संगप्पाचा कमी, स्वतःचा जास्त होता. मनगट, कान, मांडव, चप्पल. भुकेच्या खात्यावर टाकलेले सगळे एका आकड्याने परत अंगावर आले आणि जिथले तिथे दुखू लागले. सगळ्यांत जास्त तिला लागले ते हे की, उद्या ती नातीचा हात धरून तिला या घरात आणणार होती.

तिने निखारे चिमट्याने चुलीत लोटले. ओल्या फडक्यात हात गुंडाळला. मग टोपलीतून भाकऱ्या मोजून काढल्या, एक, दोन, तीन, चार, ताटात ठेवल्या, वाटीत आमटी वाढली आणि ताट त्याच्यापुढे सरकवले. मशीन ताटाशेजारी ठेवले. नवा कागद फोटोमागून काढून त्याच्यावर ठेवला. इन्सुलिन टोचून वीस मिनिटे झाली होती.

"खावा," ती म्हणाली. "इंजेक्शन पोटात गेलंय."

"तू कुटं निगालीस?"

तिने खुंटीवरची लाडवांची पिशवी डाव्या खांद्याला लावली. "लेकीकडं. ह्या पंचमीला मीच जाती माहेरी."

"तू गेलीस तर मी खानार न्हाय," संगप्पा म्हणाला. त्याने ताट हाताने मागे ढकलले. "मरतो हितंच. मग सांग समद्यांना."

तिने उंबरा ओलांडला. दार ओढून घेतले, आणि दाराबाहेर भिंतीला पाठ लावून उभी राहिली. गल्लीत दिवे लागले होते. माणसे आपापल्या दारांत आली होती. चनबसप्पाने रिक्षा थांबवून ठेवली. वयनी, आदी दवाखान्यात चल, हात बग कसा झालाय, असे तो हळू आवाजात म्हणाला. तिने मानेने हो म्हटले, पण जागची हलली नाही. रिक्षावाल्याने एकदा हॉर्न वाजवला. चनबसप्पाने त्याला हातानेच गप्प केले.

फडक्यातून पाणी आणि लस तिच्या पायावर ठिबकत होती. घरात काही हालचाल नव्हती. पाच मिनिटे गेली, सात गेली. आत जाऊन चार शब्द बोलावे, असे तिच्या एकदा मनात आले, आणि तिने भिंतीला पाठ आणखी घट्ट लावली.

मग आत ताट सरकल्याचा आवाज झाला. थोडा वेळ काहीच नाही. आणि बुक्की बसली. कडक भाकरी फुटल्याचा आवाज चंद्रव्वाने झोपेतही ओळखला असता. ती ओठ हलवत मोजू लागली. दुसरी. मध्ये बराच वेळ गेला. तिसरी.

रिक्षावाल्याने गाडी चालू केली तरी ती थांबलेलीच होती. चौथी बुक्की ऐकली, आणि पिशवी सावरून रिक्षाकडे चालू लागली.